नियम कमी केले, ओझे कोणाच्या डोक्यावर गेले?

कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन टेबलाभोवती खेळायच्या साहसखेळांत नियम जितके कमी तितका खेळ चांगला, हे मत आता इतक्या सहजपणे मांडले जाते की त्याला कोणी पुरावाही मागत नाही. मांडणी साधारण अशी असते: डंजन्स अँड ड्रॅगन्सची जाडजूड पुस्तके पाहून नवा माणूस बिचकतो. नियम शोधण्यात वेळ जातो आणि गोष्ट अडून बसते. खरा खेळ कल्पनेचा आणि बोलण्याचा आहे. म्हणून एका पानावर मावतील एवढेच नियम ठेवावेत आणि उरलेले सगळे डंजन मास्टरवर सोपवावे. यातले पहिले दोन मुद्दे खरे आहेत, तिसरा अर्धा खरा आहे. त्यांवरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे आणि ज्या नवख्यांच्या नावाने तो काढला जातो, त्यांचेच त्यात सगळ्यात जास्त नुकसान होते.

हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. चार-पाच जण एकेका पात्राची भूमिका घेतात. कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर. एक जण डंजन मास्टर होतो. तो भुयारे, गावे, राक्षस यांचे वर्णन करतो, खेळाडू आपले पात्र काय करते ते सांगतात, आणि जिथे निकाल अनिश्चित असतो तिथे फासा टाकला जातो. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावातून गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 1974 साली हा खेळ बाजारात आणला. एका खोक्यात तीन पुस्तिका होत्या, पहिली आवृत्ती हजार प्रतींची होती आणि किंमत दहा डॉलर. आज या प्रकारचे शेकडो खेळ आहेत आणि पुण्या-मुंबईतही ते खेळणारे गट आहेत. मी स्वतः अशा गटांत खेळतो, डंजन मास्टरही होतो, आणि या वादात मला रस आहे तो त्यामुळेच.

आधी माझी बाजू स्पष्ट करतो. मी जड नियमांचा वकील नाही. याच खेळाच्या 1978 च्या 'प्लेयर्स हँडबुक'मध्ये कोणते शस्त्र कोणत्या चिलखतावर किती कमी-जास्त चालते याचा तक्ता होता, शिवाय प्रत्येक शस्त्राच्या वेगाचा आकडा वेगळा. तलवारीचा प्रत्येक वार करताना हे सगळे पाहायचे म्हटले तर एका लढाईत अख्खी संध्याकाळ जाते. खुद्द गायगॅक्सही आपल्या टेबलावर असले कित्येक नियम वापरत नसे. 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीत शत्रूला झोंबून धरायचे असेल तर आधी त्याला फुकटचा वार करू द्यायचा, मग स्पर्शाचा फासा, मग दोघांनी समोरासमोर फासा, आणि त्यापुढे वेगळे उपनियम. माझ्या ओळखीचे अनेक खेळाडू एवढ्या भानगडीत नको म्हणून कोणाला धरायलाच जात नसत. नियम वापरण्याच्या त्रासामुळे माणसे एखादी कल्पनाच सोडून देत असतील तर तो नियम काढलाच पाहिजे. याबद्दल माझा कोणाशीही वाद नाही.

वाद आहे तो काय काढायचे याबद्दल. चांगली सुधारणा कशी दिसते याची दोन उदाहरणे या खेळाच्या इतिहासातच आहेत. 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत 'थॅको' नावाचा आकडा होता. चिलखत जितके भक्कम तितका आकडा लहान, कधी शून्याच्याही खाली, आणि वार लागतो का हे पाहायला एकातून दुसरा वजा करायचा. 2000 मध्ये जोनाथन ट्वीट, माँटी कुक आणि स्किप विल्यम्स यांनी हे उलटवले. भक्कम चिलखताचा आकडा मोठा झाला. वीस बाजूंचा फासा टाका, आपली बेरीज करा आणि समोरच्या आकड्याला गाठा. गणिताने पाहिले तर वार लागण्याची शक्यता जिथल्या तिथे राहिली. फक्त डोक्यातली वजाबाकी गेली. दुसरे उदाहरण 2014 च्या पाचव्या आवृत्तीचे. शत्रू आंधळा आहे, आपण लपलेलो आहोत, अंधार आहे अशा प्रत्येक कारणासाठी वेगळा अधिक-उणे आकडा धरण्याऐवजी तिथे बहुतेक ठिकाणी एकच नियम केला: परिस्थिती अनुकूल असेल तर दोन फासे टाका आणि मोठा घ्या, प्रतिकूल असेल तर लहान घ्या. खेळाडूने लपून वार करायचा की नाही, हा निर्णय तसाच राहिला. तो घेतल्यावरची आकडेमोड नाहीशी झाली.

या दोन्ही बदलांत काढले गेले ते खेळाडूच्या डोक्यातले ओझे. त्याच्यासमोरचा पेच कोणी काढला नाही. 'नियम कमी तेवढे बरे' म्हणणारे ही दोन कामे एकच समजतात, आणि माझी सगळी तक्रार त्यांच्या या गल्लतीवर आहे.

पेच म्हणजे काय ते नीट दाखवायचे तर टॉम मोल्डव्हेने 1981 साली मांडलेल्या याच खेळाच्या 'बेसिक' पुस्तिकेकडे जावे लागते. पाने अवघी 64, आणि शाळकरी मुले ती वाचून खेळत. त्या पुस्तिकेत भुयारातला वेळ दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत मोजतात. मशाल असे सहा तुकडे जळते, म्हणजे एक तास. दर सहा तुकड्यांत एक विश्रांतीसाठी जातो. दर दोन तुकड्यांनी डंजन मास्टर सहा बाजूंचा फासा टाकतो. एक आला तर भटकणारे काहीतरी समोर येते. दहा फूट लांब-रुंद जागेत चोरदरवाजा शोधायचा तर एक तुकडा खर्च. धातूचे चिलखत घातले तर चाल मंदावते, खजिना उचलला तर आणखी मंदावते.

हे वाचून अनेकांना वाटते की ही सगळी कारकुनी आहे, टाकून द्या. आता हीच कारकुनी टेबलावर काय करते ते पाहा. गटाकडे तीन मशाली उरल्या आहेत. समोर भिंत आहे आणि चोराला तिथे हवा लागते आहे. शोधावे का? शोधले तर दहा मिनिटे गेली, मशाल तेवढी उतरली, फासा जवळ आला. तासाभरात असे तीन फासे पडतात आणि त्यांपैकी एकात तरी कोणी येऊन धडकण्याची शक्यता सुमारे 42 टक्के आहे. जादूगाराकडे दिवसाचा एकच मंत्र आहे आणि तो वापरून झाला आहे. योद्धा म्हणतो परत फिरू. चोर म्हणतो एवढ्या आत येऊन रिकाम्या हाताने जायचे नाही. दोघांचेही बरोबर आहे, आणि दोघेही तावातावाने बोलतात कारण वेळ खरोखर संपत चालला आहे. डंजन मास्टरने एकही भीतीदायक विशेषण वापरलेले नाही, तरी टेबलावर ताण आहे, आणि तो त्या तीन-चार रुक्ष ओळींनी आणलेला आहे.

आता मशालीचा हिशेब काढून टाका, 'उजेड आहे असे धरू' म्हणा. भटकणाऱ्यांचा फासाही काढा, कारण तो गोष्टीत व्यत्यय आणतो. मग भिंत शोधायला काहीच लागत नाही. म्हणून गट प्रत्येक भिंत शोधतो, प्रत्येक फरशी ठोकून पाहतो, आणि डंजन मास्टरला कंटाळून सांगावे लागते की इथे काही नाही, पुढे चला. हुतूतूतून दम काढून टाकला तर चढाई करणाऱ्याने परत कधी यायचे हे पंचाला ठरवावे लागेल आणि उरेल ती नुसती झोंबाझोंबी. तसेच हे आहे. नियम एक ओळीने कमी झाला आणि त्या जागी एका माणसाचा निर्णय आला, तोही खेळाडूंना आधी कळू न शकणारा.

याच पुस्तिकेतला दुसरा धागा खजिन्याचा. सोन्याच्या एका नाण्याला एक अनुभवगुण मिळतो. पहिल्या पातळीच्या योद्ध्याला दुसऱ्या पातळीवर जायला 2000 गुण लागतात, आणि एक गॉब्लिन, म्हणजे खुजा राक्षस, मारला तर मिळतात पाच. म्हणजे फक्त मारामारीवर वर चढायचे तर चारशे गॉब्लिन! इतके शहाणपण एका आकड्यात भरलेले मी क्वचित पाहिले आहे. कोणी उपदेश न करता खेळाडूला कळते की लढाई तोट्याची आहे; लपा, बोला, लाच द्या, आमिष दाखवा, पण सोने घेऊन बाहेर या. आणि सोने बाहेर आणणे सोपे नाही, कारण दहा नाण्यांचे वजन एक पौंड. वजनाचा हा नियम पुस्तिकेत ऐच्छिक होता, पण तो घेतला तर एक माणूस 1600 नाण्यांपलीकडे काही उचलूच शकत नाही. सोन्याचा भार वाढला की चाल मंद होते, चाल मंद झाली की जास्त वेळ लागतो, जास्त वेळ म्हणजे जास्त मशाली आणि जास्त फासे. चार वेगवेगळे नियम एकमेकांत असे गुंतलेले आहेत. त्यांतला कोणताही एक 'किरकोळ' म्हणून उपटला तर बाकीचे तीनही निर्जीव होतात.

नेमके हेच पुढे घडले, आणि कोणाच्या वाईट हेतूने घडले नाही. 1989 च्या आवृत्तीत सोन्याचे गुण ऐच्छिक झाले. 2000 मध्ये ते गेलेच. गुण आव्हानांवर मात केल्याबद्दल मिळू लागले, आणि टेबलावर त्याचा अर्थ बहुतेक वेळा लढाया जिंकणे असाच झाला. जुन्या नियमांत शत्रूच्या हिमतीचा आकडा असे. टोळीतला पहिला पडला की दोन फासे टाकायचे, निम्मी टोळी पडली की पुन्हा टाकायचे. आकडा हिमतीहून मोठा आला तर उरलेले पळतात किंवा शरण येतात. तिसऱ्या आवृत्तीत हा नियम वगळला, आणि 2014 मध्ये तो ऐच्छिक म्हणून पुस्तकाच्या आतल्या पानांत राहिला. अनोळखी प्राणी भेटताक्षणी तो शत्रू आहे, साशंक आहे की मैत्री करायला तयार आहे, हे दोन फाशांनी ठरवायचा नियमही असाच कडेला गेला. परिणाम आजच्या कित्येक टेबलांवर दिसतो. दिसला प्राणी की लढाई सुरू, आणि लढाई शेवटचा गॉब्लिन मरेपर्यंत. मग तक्रार होते की लढाया फार लांबतात, म्हणून लढाईचे नियम सोपे करा! लढाई लांबण्याचे एक मोठे कारण हे आहे की ती थांबवणारे आणि टाळू देणारे नियम आधीच्या साफसफाईत गेले.

2014 च्या पुस्तकात मशाल आजही एक तास जळते. पण उजेड पाडणारा छोटा मंत्र पाहिजे तितक्या वेळा फुकट वापरता येतो, आणि निम्म्याहून अधिक वंशांना अंधारात दिसते. नियम छापलेला आहे, त्याला किंमत मात्र उरलेली नाही. असला नियम खरोखर काढून टाकावा. इथे मी सोपेपणाच्या बाजूने मत देईन.

आता समोरच्या बाजूचे सगळ्यात भक्कम शस्त्र घेऊ. ते म्हणतात की नियमांपेक्षा चांगला पंच श्रेष्ठ, आणि इतिहास त्यांच्या बाजूने आहे. 1824 मध्ये प्रशियाच्या सैन्यातल्या लेफ्टनंट राइसवित्झने नकाशा, फासे आणि तक्ते यांचा युद्धखेळ अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी तयार केला. पुढे त्याचे नियम बोजड वाटू लागले, आणि 1876 मध्ये जनरल व्हेर्दी द्यू व्हेर्न्वा याने तक्ते बाजूला ठेवून सगळा निवाडा पंचाच्या हाती देणारी पद्धत मांडली. खेळ वेगवान झाला. आजची 'मुक्त क्रीगश्पील' (क्रीगश्पील म्हणजे जर्मनमध्ये युद्धखेळ) म्हणवणारी मंडळी याच परंपरेचा हवाला देतात.

हवाला बरोबर आहे, पण तो अर्धवट वाचला आहे. व्हेर्दी द्यू व्हेर्न्वा 1870-71 च्या फ्रान्सविरुद्धच्या युद्धात प्रशियाचा सेनाप्रमुख मोल्टके याच्या मुख्यालयात होता. त्याच्या काळच्या पंचांनी खऱ्या रणांगणावर पलटणी हलताना, तोफा अडकताना, आज्ञा उशिरा पोचताना पाहिल्या होत्या. तक्ता त्यांच्या अंगात मुरलेला होता. कागदावरचा तक्ता त्यांना अनावश्यक होता, म्हणून त्यांनी तो ठेवला नाही. त्याच खुर्चीवर काल शाळेतून आलेल्या माणसाला बसवा आणि सांगा की नदी ओलांडायला पलटणीला किती वेळ लागेल ते तूच ठरव. तो काय ठरवणार? जे मनात येईल ते. एका पानाचा खेळ लिहिणारा माणूस बहुधा वर्षानुवर्षे खेळलेला असतो. मशाल, हिंमत, वजन, भटकणारे प्राणी हे सगळे त्याच्या डोक्यात पक्के असते आणि तो न सांगता वापरतो. मग त्याला वाटते की आपला खेळ एका पानावर चालतो. त्याचे उरलेले पुस्तक त्याच्या डोक्यात आहे. खेळ विकत घेणाऱ्याला ते पुस्तक मिळत नाही.

मॅथ्यू फिंचच्या 2008 सालच्या छोट्या पुस्तिकेमुळे 'नियमापेक्षा निवाडा' हे तत्त्व फार पसरले, आणि तेही असेच तोडून वापरले जाते. ती पुस्तिका ज्या खेळाच्या सोबत आली तो 1974 च्या नियमांवर उभा असलेला पूर्ण खेळ होता. त्यात पात्रांचे वर्ग, मंत्र, प्राणी, खजिना सगळे आहे. निवाडा करायचा तो या सगळ्याच्या आधाराने, जिथे ते अपुरे पडेल तिथे. आधारच काढून घेतल्यावर निवाडा कशावरून करायचा हे फिंचने कुठेही शिकवलेले नाही.

नियम खरोखरच अपुरे असले तर काय होते, याचाही प्रयोग 1974 मध्येच झाला आहे. पहिल्या तीन पुस्तिका फार त्रोटक होत्या. लढाईसाठी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचा 'चेनमेल' हा आधीचा युद्धखेळ आपल्याकडे असेलच, असे त्यांत गृहीत धरलेले. रानातल्या प्रवासासाठी दुसऱ्याच कंपनीच्या पटाचा वापर सुचवलेला. आधी वार कोणी करायचा हे नीट सांगितलेले नव्हते. ज्यांनी लेक जिनिव्हात किंवा आर्नेसनच्या मिनिआपोलिसकडच्या गटात बसून खेळ पाहिला त्यांना अडचण आली नाही. बाकीच्यांनी आपापले नियम रचले, आणि गावोगावी वेगळा खेळ सुरू झाला. यातून चांगलेही निघाले हे मान्य करतो. ॲरिझोनात केन सेंट आंद्रेने पुढच्याच वर्षी, 1975 मध्ये, फक्त सहा बाजूंच्या फाशांवर चालणारा 'टनेल्स अँड ट्रोल्स' काढला आणि तो खरोखर सोपा होता. पण नवख्यांची अडचण इतकी खरी होती की जे. एरिक होम्स या मेंदूविकारतज्ज्ञाने स्वतःहून पुढे येऊन नवशिक्यांसाठी मांडणी करून दिली आणि 1977 मध्ये पहिला 'बेसिक' संच निघाला. त्रोटक नियम नवख्याला सोपे जातात असे म्हणणाऱ्यांनी सांगावे की मग होम्सची गरज का पडली?

आणि त्याहून बोलके उदाहरण 1983 चे. फ्रँक मेंट्झरने त्याच 'बेसिक' खेळाची नवी मांडणी केली, लॅरी एल्मोरच्या ड्रॅगनच्या चित्राचा तो लाल खोका. मोल्डव्हेच्या 64 पानांच्या जागी खेळाडूंसाठी 64 आणि डंजन मास्टरसाठी 48, अशी 112 पाने झाली. नियम जवळजवळ तेच. पाने वाढली ती समजावण्यासाठी. पहिल्या पानापासून वाचणाऱ्याला एका गोष्टीत नेले आहे. अलीना नावाची धर्मयोद्धा त्याला भेटते, बार्गल नावाचा दुष्ट जादूगार तिला मारतो, आणि या सगळ्यात हिट पॉइंट म्हणजे काय, वार कसा लागतो, मंत्रापासून बचावाचा फासा कधी टाकायचा हे एकट्याने वाचत-वाचत कळत जाते. पाने जवळजवळ दुप्पट होऊनही शिकणे सोपे झाले. पानांची संख्या आणि अवघडपणा यांचा संबंध किती सैल आहे हे यावरून दिसते, आणि तरीही आजचे सुलभीकरण पाने मोजूनच केले जाते.

आपल्याकडच्या नवख्या खेळाडूला तर हे सगळ्यात जास्त लागू आहे. अमेरिकेत एखाद्या मुलाला मोठा भाऊ, शेजारी किंवा खेळांच्या दुकानातला गट शिकवतो. पुस्तकात नसलेले ज्ञान असे तोंडी पोचते. सोलापूर किंवा रत्नागिरीतला कॉलेजचा मुलगा पुस्तक मागवतो तेव्हा त्याच्या ओळखीत आधी खेळलेले बहुधा कोणी नसते. पुस्तक हाच त्याचा गुरू. त्या पुस्तकात 'बाकी डंजन मास्टर ठरवेल' असे लिहिलेले असेल तर त्याला गुरूच मिळालेला नाही. तो चार मित्रांना गोळा करतो, दार उघडतो, आत गॉब्लिन आहेत म्हणतो, लढाई होते, आणि दोन आठवड्यांनी सगळे कंटाळतात. दोष त्याच्या कल्पनाशक्तीला दिला जातो. मला हे फार अन्यायाचे वाटते.

यात माणसांच्या संबंधांचाही भाग आहे. आपल्या मित्रमंडळींत डंजन मास्टर होणारा बहुधा वयाने मोठा किंवा बोलण्यात पुढे असलेला असतो. दादाने म्हटले की दरी रुंद आहे, उडी जमणार नाही, तर नववीतली मुलगी दादाशी वाद घालत नाही. पण तिच्या पात्राची शक्ती 16 आहे आणि पुस्तकात उडीचा नियम आहे, हे तिला माहीत असेल तर ती म्हणते, 'दादा, फासा टाकू द्या ना.' आणि दादालाही ते मानावे लागते. सगळा निवाडा एकाच्या मनावर सोडला की त्याचे मन वळवण्याचे कौशल्य हेच सगळ्यात मोठे कौशल्य ठरते. मोठ्याने बोलणारा जिंकतो. लाजरा माणूस दोन-तीनदा नकार ऐकून गप्प होतो आणि पुढच्या वेळी येत नाही. 'नियमांनी कल्पनेला बेड्या पडतात' असे म्हणणारे बहुतेक जण चांगले बोलणारे असतात, हे मी टेबलावर पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

डंजन मास्टरवरच्या भाराबद्दल तर कोणी बोलतच नाही. हिमतीचा फासा असला की गॉब्लिन पळाले ते फाशाने पळाले. तो नसेल तर प्रत्येक लढाईत त्याला स्वतः ठरवावे लागते: यांना पळवले तर मी खेळाडूंवर मेहेरबानी करतो का? नाही पळवले तर मुद्दाम छळतो का? एका संध्याकाळी असे कित्येक निर्णय त्याला घ्यावे लागतात आणि प्रत्येकाचा जाब त्याला द्यावा लागतो. फाशामुळे त्यालाही पुढे काय होणार याचे कुतूहल राहते. फासा काढून घेतल्यावर तो खेळत नाही, फक्त राबतो. चांगले डंजन मास्टर थकून खेळ सोडतात त्यामागचे हे एक खरे कारण आहे.

सोपे करता येते, आणि फार सुंदर करता येते. केल्सी डिऑनच्या 2023 च्या 'शॅडोडार्क'मध्ये पौंडांचा हिशेब नाही. शक्तीच्या आकड्याइतक्या, किमान दहा, जागा, आणि एका जागेत एक वस्तू. बेरीज गेली, पण 'दोर टाकू की सोने टाकू' हा पेच जागच्या जागी आहे. मशाल खऱ्या घड्याळाच्या एका तासात विझते, आणि खेळाडूंच्या कोणत्याही वंशाला अंधारात दिसत नाही. ख्रिस मॅकडॉवलच्या 'इन्टू द ऑड'मध्ये वार लागतो का हा फासाच काढून टाकला आहे. प्रत्येक वार लागतो. एक नियम गेला आणि लढाई उलट जास्त भयानक झाली, कारण आता शस्त्र उपसण्याआधी विचार करावा लागतो. 2012 च्या 'डंजन वर्ल्ड'मध्ये दोन फाशांवर जवळजवळ सगळा खेळ चालतो, पण डंजन मास्टरने कधी काय करायचे याचीही यादी आहे आणि ती त्याच्यावर बंधनकारक आहे. खेळाडूचे नियम कमी केले, पण पंचाला एकटे सोडले नाही.

या तिन्ही खेळांत जे केले आहे त्याला वेळ लागतो, आणि कोणता नियम कशाला बांधलेला आहे हे आधी समजून घ्यावे लागते. एका रात्रीत पाने फाडून ते होत नाही.

म्हणून जे कोणी आपल्या गटासाठी किंवा प्रकाशनासाठी नियम सोपे करायला बसले आहेत त्यांना माझे एक मागणे आहे. तुमचे पान, तुमची पुस्तिका, जे काही असेल ते, आधी कधीच न खेळलेल्या चौघांच्या हातात द्या. तुम्ही त्या टेबलावर बसू नका, आणि तुमच्या ओळखीचा कोणी अनुभवी डंजन मास्टरही बसवू नका. त्यांच्यातल्याच एकाला पंच होऊ द्या आणि पहिल्या भुयारात जाऊ द्या. तुम्ही फक्त कोपऱ्यात बसून त्यांनी एकमेकांना विचारलेले प्रश्न उतरवून घ्या. 'हे कसे मोजायचे?' असे विचारले तर तो नियम आणखी सोपा करा. 'आता काय करायचे?', 'यांनी पळायचे की नाही?', 'इथे किती वेळ थांबता येईल?' असे प्रश्न आले, पंचाने छताकडे पाहिले आणि उत्तर मनाने बनवले, तर तुम्ही काढलेला एक नियम तिथे हवा होता. तो परत घाला, एका ओळीत बसवा, आणि मग पाने दोनाची तीन झाली तरी होऊ द्या.